टाळ्या वाजल्या आणि कविता पडली

(युवक शिबिरात केलेलं भाषण. हातात टिपणं थोडी होती, बोललो जास्त. नंतर बसून लिहून काढलं. काही ठिकाणी वाक्य सरळ केलं, बाकी तोंडातनं निघालं तसंच ठेवलंय.)

दोस्तहो, पत्रकावर माझा विषय छापलाय 'सर्जनशील लेखनाचे तंत्र आणि मंत्र'. ज्यानं छापला त्याला माझा सलाम. मंत्र मला येत नाहीत. मंत्रवाल्यांनी आपल्या कानात काय ओतायचं ठरवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. राहिलं तंत्र. त्याबद्दल थोडंफार बोलता येईल.

मी दहावी पास. माझा बाप त्याला अजून मॅट्रिकच म्हणतो, तो शब्द त्याला वजनदार वाटतो. बाप गोदीत कायम कामगार होता, मी ठेक्यावर आहे. मधे 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, पेट्यांचा माल तिकडं गेला. आमच्या टोळीच्या वाट्याला पोलाद, साखर, डाळ, असलं. कधी पाळी लागते, कधी लागत नाही. पाळी नसते तेव्हा मी कविता लिहितो असं लोकांना वाटतं. साफ खोटं. काम नसलं की माणूस कविता लिहीत नाही, काम शोधतो.

तर मी शास्त्र सांगणार नाही. आमची रविवारची बैठक कशी चालते ते सांगतो. तिथं मी काय शिकलो आणि काय पाप केलं, दोन्ही सांगतो.

आधी दोन थापा निकालात काढू. पहिली थाप त्यांची. कवी जन्मावा लागतो म्हणे. आता जन्मावरनं काय काय ठरवतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपलं सगळं भांडणच जन्मावरनं ठरवण्याशी आहे, आणि कवितेच्या बाबतीत मात्र आपण मुंडी हलवतो! क्रेनवाला जन्माला येत नाही, शिकतो. सिग्नलमन शिकतो. पोलादाचं भेंडोळं कुठं धरलं तर तोल राहतो हे मला आईच्या पोटात कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांनी शिव्या घालून शिकवलं.

दुसरी थाप आपली. 'तू भोगलंयस ना, मग लिही, आपोआप कविता होते.' भोगलेलं आपोआप कविता होत असतं तर आमच्या वस्तीत घरटी एक ज्ञानपीठ आलं असतं. ही थाप पहिलीपेक्षा वाईट, कारण ती प्रेमानं मारतात. मी चार वर्षं ह्या थापेवर काढली. जयंतीला वाचायचो, महापरिनिर्वाणदिनाला वाचायचो. माईक हातात आला की आवाज चढवायचा, शेवटच्या ओळीला मूठ वर. टाळ्या हमखास. घरी आलो की तीच कविता वहीत मेलेल्या माशासारखी पडलेली असायची.

बाहेर पाठवली तर दोन उत्तरं आली. एका संपादकानं लिहिलं, अनुभव अस्सल आहे पण भाषेवर संस्कार हवेत. दुसऱ्यानं लिहिलं, विद्रोह कमी पडतोय, अजून जळजळीत पाठवा. एकाला मी आंघोळ करून यायला पाहिजे होतो, दुसऱ्याला पेटून. कविता कुठं अडली ते दोघांतल्या एकानंही सांगितलं नाही.

ते सांगणारी माणसं मला वडाळ्याच्या एका वस्तीत भेटली. बुद्धविहारात, सतरंजीवर. रविवारी संध्याकाळी सहाला. आठ-नऊ जण. टेम्पो चालवणारा एक. महापालिकेत ठेक्यावर झाडूकाम करणाऱ्या मावशी. बीएड होऊन घरी बसलेला एक. नर्सिंग शिकणारी एक पोरगी, तिच्याबद्दल पुढं बोलेन. आणि काका. काका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे हातानं जुळवायचे. पुढं ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, छापखाना बंद झाला, काकांची बोटं तेवढी राहिली. अजून बोलता बोलता अंगठा न् बोट एकमेकांवर घासत असतात. एकदा म्हणाले, "त्यांनी शिसं आपल्या कानात ओतायला सांगितलं होतं. मी तीस वर्षं त्याच शिशात आपल्या पोरांच्या कविता जुळवल्या." एवढंच म्हणाले, मग चहा मागितला.

बैठकीला नाव नाही. नाव ठेवायचं निघालं तेव्हा अध्यक्ष कोण यावर दोन रविवार गेले. मग नाव रद्द केलं, अध्यक्षपणही रद्द. हा ठराव मी तुम्हालाही सुचवतो. (हशा झाला, पण मी गमतीनं बोललो नव्हतो.)

वडाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. 1970च्या दशकात इथल्याच सिद्धार्थ विहार वसतिगृहात पँथरच्या पोरांचा राबता होता. राजा ढाले तिथलेच. दलित पँथर 1972ची. ढसाळांचं 'गोलपिठा' पण त्याच सालचं. ह्या माणसांचे फोटो आपण भिंतीला लावतो, एकेक वेगळा, चौकटीत. त्यामुळं वाटतं की प्रत्येक जण एकटाच ढगातनं पडला. ती सगळी पोरं एकमेकांना वाचून दाखवत होती, भांडत होती, एकमेकांची अंकं सायक्लोस्टाईल करत होती. अण्णाभाऊंचं तेच. शाळा दीड दिवसाची, हे आपण कौतुकानं सांगतो, पण 1944 साली अमरशेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं ते विसरतो. अण्णाभाऊंनी लिहिलेलं अमरशेखांच्या गळ्यातनं जात होतं. गळ्याला न पेलणारी ओळ रात्रीच्या कार्यक्रमात टिकत नाही. 2 मार्च 1958ला दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन ह्याच अण्णाभाऊंनी केलं. तिथंपर्यंत ते हजारो कामगारांसमोर तपासून निघाले होते.

आणि त्याच्याही मागं जा. आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डकांचा जलसा घ्या. मुख्य गाणारा ओळ टाकतो, मागचे झीलकरी उचलतात. मला वाटतं आपली पहिली लेखनशाळा म्हणजे हे झीलकरी. ओळ लांब झाली की त्यांचा श्वास तुटतो. शब्द उगाच अवघड असला की जीभ अडखळते. त्यांना समीक्षा करायची गरजच नाही. ते थांबले की कवीला कळतं, इथं लोच्या आहे.

आमच्या बैठकीचा पहिला नियम तिथनंच आलाय. आपली कविता आपण वाचायची नाही. दुसऱ्यानं वाचायची, पहिल्यांदाच बघून, मोठ्यानं. कवीनं गप्प बसायचं. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य बंद.

माझी पहिली कविता टेम्पोवाल्यानं वाचली. बत्तीस ओळी. त्यात एक शब्द होता, 'उद्रेकाग्र'. कुठं सापडला मला आता सांगता येत नाही. टेम्पोवाला तिथं आला, थांबला, परत मागं जाऊन आला, परत थांबला. म्हणाला, "दादा, इथं गिअर पडत नाय." मला असला राग आला! म्हणलं साला टेम्पो चालवणारा मला शिकवतोय. आणि लगेच कानशिलात बसल्यासारखं झालं. हे वाक्य मी कुणाचं बोलत होतो? माझ्याच तोंडात कोण बसला होता?

दुसरा नियम सूर्याचा. एका रविवारी पाच जणांनी कविता आणल्या होत्या. काका पेन्सिलीनं टिकटिक करत बसले. शेवटी म्हणाले, "सतरा." काय सतरा? "आज एका संध्याकाळी सतरा सूर्य उगवले. चार मशाली, तीन ज्वालामुखी, अंधार मोजला नाही." तेव्हापासून उसना सूर्य आणला की एक कटिंग चहा दंड. त्या रात्री सहा चहा माझ्या नावावर.

आता ह्यावर कुणीतरी चिडणार. चिडा. सूर्य म्हणजे आपल्यासाठी काय हे काकांना माहीत नव्हतं का? आपल्या आधीच्या गाणाऱ्यांनी बाबासाहेबांना सूर्य म्हणलं तेव्हा त्यांच्या पाठीला खरोखर पहिल्यांदा ऊन लागलं होतं. त्यांनी तो शब्द कमावला. आपण तो भाड्यानं आणतो, मंडपाच्या खुर्च्यांसारखा, आणि कार्यक्रम संपला की परत देतो. दंड कमाईवर नाही, भाड्यावर आहे.

भाषेचंही तसंच. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यांना त्यातले कितीतरी शब्द कळले नव्हते, अर्थ विचारावे लागले, आणि हे त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकलं. आपण हे मोठ्या अभिमानानं सांगतो. बरोबर आहे. पण आता आपली पोरं काय करतायत? स्वतःच्या गल्लीत 'भडकलंय' म्हणतात आणि वहीत 'प्रक्षुब्ध'. मी गोदीत दिवसभर 'हबेस' आणि 'आरिया' ऐकतो. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड, खाली घे. खलाशांकडनं आलेले शब्द. कुठल्या देशातनं कुठल्या तोंडातनं आले कुणास ठाऊक, पण ह्या दोन शब्दांवर माझा जीव टांगलेला असतो. आणि चार वर्षं मी लिहीत होतो, त्यात हे दोन शब्द एकदाही नव्हते. मला ते कवितेचे वाटलेच नाहीत.

एकदा काकांनी सगळ्यांना एकच विषय दिला, 14 एप्रिल. आम्हाला वाटलं जयंती. म्हणाले, 1944चा 14 एप्रिल लिहा. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उडालं. एकाच जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. शेकड्यांनी माणसं मेली, गोदीतली, आसपासची. अट अशी की 'स्फोट' आणि 'आग' हे शब्द वापरायचे नाहीत. टेम्पोवाल्यानं नुसत्या कापसावर लिहिलं. कापूस आतनं धुमसतो, बराच वेळ आवाज करत नाही, एवढंच. मी त्या रात्री घरी जाऊन माझ्या वहीची पंचवीस पानं फाडली. ते सगळं नुसता दारूगोळा होता. कापूस नव्हताच.

इथपर्यंत मी तुम्हाला बैठकीची चांगली बाजू सांगितली. आता माझं पाप.

नर्सिंगवाली पोरगी म्हणलं ना, ती महिनाभर नुसती ऐकत बसायची. मग एक कविता आणली. भीमजयंतीची रात्र. बाप मिरवणुकीत नाचून, पिऊन घरी येतो. आईनं भात वाढलेला असतो. तो ताट भिंतीवर मारतो. पोरगी रात्री भिंतीवरची शितं नखानं खरवडते, वर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यावर उडालेलं एक शीत ती आधी काढते. एवढीच कविता. बीएडवाल्यानं वाचली, कुठंच अडला नाही. वाचून झाल्यावर खोली गप्प.

आणि मी बोललो. मीच पहिला. म्हणलं, "हे चांगलंय, पण हे आपण बाहेर कशाला न्यायचं? बाहेरचे हेच ऐकायला टपलेत. आपल्याच हातानं त्यांना काठी द्यायची? तू चळवळीचं काहीतरी लिही." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. काकापण काही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथं सांगतो. तिनं कागदाची चौकोनी घडी केली. म्हणाली, "ठीक आहे दादा." पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्या पण नाही.

मावशींनी मला जिन्यात धरलं. मावशी लिहीत नाहीत, नुसत्या ऐकायला येतात. म्हणाल्या, "तुझी कविता मार खाल्ल्यावरची. तिची पण मार खाल्ल्यावरचीच. मारणारा घरचा निघाला म्हणून तिनं तोंड शिवायचं व्हय रं? मग तुझ्यात आन् त्या संपादकात फरक काय?" मी म्हणालो, मावशी, तुम्हाला राजकारण कळत नाही. त्या म्हणाल्या, "मला भिंतीवरची शितं कळत्यात."

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते नवऱ्यापासून लपवून. घरच्या दुकानात बसून लिहायचं आणि वही अडगळीत ठेवायची. अशी वर्षंच्या वर्षं. पुस्तक म्हणून 1986 साली आलं. हे मी आधीही वाचलेलं होतं. वाचून म्हणलं होतं, अरेरे, कसला तो काळ. आणि माझ्या बैठकीतल्या पोरीला मी तीच अडगळ दाखवली. फरक इतकाच की मी तिला अडगळीचं नाव 'चळवळ' सांगितलं.

तिला फोन केला, माफी मागितली. म्हणाली, "परीक्षा आहे दादा." परीक्षा होऊन गेली. ती आलेली नाही. आमच्याकडं आता तिसरा नियम आहे, कुणाची कविता चळवळीच्या कामाची आहे की नाही हा प्रश्न बैठकीत विचारायचा नाही. नियम चांगला आहे. तो तिच्या खर्चानं झालाय.

आता ज्या कवितेमुळं मला इथं बोलावलं तिच्याबद्दल. तुमच्यातल्या काहींनी ती शोकसभेत ऐकली असेल. ती कविता मी परत घेतलीय.

आमच्या टोळीतला एक जण गेला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. जहाजाच्या होल्डमध्ये आम्ही पोलादाची भेंडोळी बांधत होतो. एकेक भेंडोळं कित्येक टनांचं. क्रेननं उचललं, वीतभर वर आलं आणि झुललं. भेंडोळं आणि जहाजाची भिंत यांच्यामध्ये तो होता. ठेकेदारानं त्या पाळीला माणसं कमी दिली होती, ते प्रकरण चालू आहे, भरपाईचा दावा चालू आहे, म्हणून इथं नावं घेत नाही. आम्ही काम बंद पाडलं, गेटवर बसलो, पत्रकं वाटली. पत्रक मीच लिहिलं. त्यात घोषणा होत्या, आणि त्या पाहिजेतच होत्या. पत्रकात मी हळवेपणा करत बसलो असतो तर टोळीनं मला धुतला असता.

पण शोकसभेत मी कविता वाचली. भांडवलशाहीचा अजगर होता, लोखंडी राक्षस होता, रक्ताचा थेंब न् थेंब बीज होणार होता, शेवटी पहाट. टाळ्या इतक्या वाजल्या की दोन मिनिटं थांबावं लागलं. शोकसभेत टाळ्या! तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही. खाली उतरलो. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर चार वर्षांची पोरगी. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "भावजी, ते कुणाचं होतं?"

कुणाचं होतं! मी त्यांच्या नवऱ्यावर लिहिलेली कविता, आणि त्यांना तो त्यात सापडला नाही.

ती कविता मी बैठकीत नेली. वाचणारा बीएडवाला. त्यानं वाचली आणि कुणी काहीच बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "त्याचा हात कुठं होता तेव्हा?" मी म्हणलं, कुठल्या? "म्हंजे उजवा का डावा. तू तिथं होतास ना?"

होतो. आणि मला माहीत होतं. उजवा हात वर होता, तळवा खाली करून. आणि तो ओरडत होता, "आरिया, आरिया." सोड, खाली घे. वरच्या गोंगाटात ते सिग्नलमनपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झालं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कवितेत तर नव्हतंच. त्याच्या जागी मी अजगर आणून ठेवला होता, कारण अजगराकडं बघता येतं.

मग बोलायला लागलो. त्याला हा शब्द तोंडी बसला होता. चहा ओतताना म्हणायचा, आरिया, आरिया, बास. पोरीला खांद्यावरनं उतरवताना म्हणायचा. भांडण मिटवायला आला की हात तसाच, तळवा खाली, आरिया रे, आरिया. सगळे ऐकत होते. कुणी 'वा' म्हणालं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. काकांनी दिवा लावला, एवढंच. गोदीत तुमची गाठ चुकली की शेजारचा तुम्हाला शिवी देतो, पण स्वतःच्या बाजूचा दोर सोडत नाही, कारण वजन त्याच्याही डोक्यावर असतं. त्या संध्याकाळी मला तसं वाटलं.

पाच रविवार लागले. बत्तीस ओळींच्या अकरा राहिल्या. चौथ्या रविवारी आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. बीएडवाला म्हणाला, "माणूस मेलाय आणि आपण ओळी तासतोय. लाज वाटते मला." तो उठून गेला. मी त्याला अडवलं नाही, कारण मलाही वाटत होती. अजून वाटते. पण दुसऱ्या बाजूनं बघा, घाईघाईत लिहिलेली पहिली कविता जास्त इमानदार होती का? तिच्यात तर तो माणूसच नव्हता. बीएडवाला पुढच्या रविवारी परत आला, येताना भजी घेऊन आला. त्यावर काही बोलणं झालं नाही.

कविता झाल्यावर मावशी म्हणाल्या, कुठंही वाचायच्या आधी वहिनींना वाचून दाखव. मला ते नको होतं. तो शेवटचा शब्द वहिनींना माहीत नव्हता. तो माझ्या तोंडून, कवितेत कळावा? मावशी म्हणाल्या, "मग आधी नुसतं सांग. कविता मागनं वाच." तसं केलं. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. सांगितलं. वहिनी बराच वेळ दाराकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, आता वाचा.

वाचली. यावेळी 'कुणाचं' असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, ते 'आरिया' असं साधं म्हणायचे नाहीत, र वर जोर द्यायचे, आर्रिया. मी तिथंच दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "ह्यात ठेकेदाराचं नाव का नाही?"

मी म्हणालो, वहिनी, ती कविता आहे. त्याचं नाव पत्रकात घातलं होतं.

"पत्रक भिजून गेलं. ह्यांचं नावसुद्धा पेपरात चुकीचं आलं. कविता तुम्ही वहीत जपून ठेवणार ना? मग त्याचं नाव जपून ठेवा."

मी परत आलो ते हे घेऊन. गेले तीन रविवार आमच्याकडं हाच वाद चाललाय. काका म्हणतात, नाव आठ अक्षरी आहे, त्या ओळीत ते बसत नाही, श्वास तुटतो. मावशी म्हणतात, मग तुटू दे, त्याचा पण तुटलाच की. टेम्पोवाल्यानं नाव घालून एकदा मोठ्यानं वाचून बघितलं, आणि नावापाशी तो खरंच अडखळला. मग म्हणाला, इथं अडखळायलाच पाहिजे काय, असं मला वाटतंय, पण नक्की सांगता येत नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत नाव छापता येणार नाही हा भाग वेगळाच.

म्हणून ती कविता आज वाचत नाही. संयोजकांनी रागावू नये. येत्या रविवारी परत घेणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी मला बाहेर भेटा, पत्ता सांगतो. सहाला सुरू होतं, साडेसहाला खरं. वही आणा. सूर्य आणलात तर सुटे पैसे पण आणा.

जय भीम.